काशम्माचं पाणी

१७ एप्रिल

ही डायरी मल्लिनाथ घेऊन आले. त्यांच्या टॉवेल कारखान्यात कुणा व्यापाऱ्याने वाटलेली, तीही गेल्या वर्षीची, त्यामुळे एकही वार जुळत नाही. नवऱ्याने बायकोला शिळी डायरी द्यावी, हे आमच्याच घरात शोभतं. म्हणाले, "रोज जेवताना हॉस्पिटलातलं सांगून माझी भाकरी कडू करतीस. ते हितं लिहीत जा की."

तर लिहिते. नाव काव्या, वय सव्वीस, शिक्षण बारावी. माहेर अक्कलकोटच्या पलीकडे, घरात कानडी आणि शाळेत मराठी. सोलापुरात एका खासगी हॉस्पिटलच्या बायकांच्या वॉर्डात मावशी आहे. पेशंटला संडास-लघवीचं भांडं देणं, अंग पुसणं, चादरी बदलणं, ट्रॉली ढकलणं आणि कुणी गेलं तर आवरून देणं, ही मावशीची कामं. सुई टोचते ती सिस्टर. सत्तरीच्या म्हाताऱ्यासुद्धा मला मावशी म्हणतात. आधी हसू यायचं, आता कुणी नावाने हाक मारली तरच दचकते.

सध्या खिडकीजवळच्या सात नंबरला काशम्मा आहेत. त्यांना मराठीचं अक्षर येत नाही, म्हणून दिवसभर माझ्या नावाचा जप चालतो. नाव कसलं, 'यव्वा'. आमच्याकडे म्हातारी माणसं लेकीला लाडाने यव्वा म्हणतात. पेज भरवताना दर चमच्याला 'साकु, यव्वा', म्हणजे पुरे गं, आणि तोंड मात्र पुढच्या चमच्यासाठी उघडं. आज मी खरंच थांबले तर माझ्याकडे रागाने बघायला लागल्या. लबाड बाई.

१९ एप्रिल

काशम्मा गेल्या.

काल रात्रीपासून त्यांना एनबीएम ठेवलं होतं, म्हणजे ऑपरेशनआधी तोंडावाटे काही द्यायचं नाही, पाणीही नाही. सकाळी नंबर लागायचा होता. मध्येच एका बाळंतिणीचं अडलं, तिला आधी घेतलं. मग एक अपघात आला. दुपार झाली. बाहेर ऊन रणरणत होतं आणि वॉर्डातले पंखे गरम हवा फिरवत होते. काशम्मा सकाळपासून एकच म्हणत होत्या, "नीर कोड, यव्वा." पाणी दे.

मी शकुंतला सिस्टरना विचारलं, परत विचारलं. त्या आमच्या वॉर्डच्या इनचार्ज, कडक आहेत पण वाईट नाहीत. म्हणाल्या, सलाईन चालू आहे, पाणी शिरेतून जातंय. पोटात पाणी असलं तर भूल दिल्यावर ते उलटून फुप्फुसात जातं आणि माणूस जातो. मी काशम्मांना कानडीत समजावलं. त्या ऐकायच्या, मान हलवायच्या आणि परत तेच म्हणायच्या.

शेवटी शेवटी मी त्यांच्याकडे बघायचंच टाळलं. जेवणं झाल्यावर सगळा वॉर्ड झोपला होता, तेव्हा हाक आली. मी 'ईग बर्तीनि' म्हणाले, आत्ता येते, आणि धुतलेली भांडी परत धुवायला घेतली. आले तेव्हा सिस्टर त्यांची नाडी बघत होत्या, मग सगळेच धावले.

आवरून मीच दिलं. ओठांना चिरा पडलेल्या, जीभ टाळूला चिकटलेली. गळ्यातलं लिंग जागेवर नीट ठेवलं, कपाळाला विभूती लावली. त्यांचा मुलगा प्रभु वर आला. त्याने रीतीप्रमाणे तोंडात पाणी घातलं, ते सगळं गालावरून उशीवर आलं. उशी चिंब झाली. मी टॉवेलने टिपत राहिले.

घरी आल्यावर मल्लिनाथ म्हणाले, आज गप्प का. मी म्हटलं, तुमचीच भाकरी गोड व्हावी म्हणून.

३ जून

शकुंतला सिस्टरनी आज लिनन रूममध्ये दार लोटून माझी हजेरी घेतली. "तुला कानडी येतं, तेलुगू कळतं, हात हलका आहे. बारावी झालीयेस. जन्मभर भांडी देणार का?" नर्सिंगचा तीन वर्षांचा कोर्स कर म्हणतात. मी म्हटलं, या वयात? त्या म्हणाल्या, वय तर कोर्स न करताही वाढणारच आहे.

मल्लिनाथना सांगितलं. ते बराच वेळ शेंगाची चटणी चिवडत बसले. मग म्हणाले, "शीक. पण सिस्टर झाल्यावर मला सुई टोचायची न्हाय."

२१ नोव्हेंबर

कॉलेज सुरू झालं. वर्गातल्या पोरी अठरा-एकोणीसच्या, मला ताई म्हणतात. चला, मावशीची ताई झाले, वय कमी तरी झालं. पुस्तकं इंग्रजीत आहेत. भार्गवी मॅडम शिकवतात, बोलणं तोलूनमापून आणि डोळे सगळीकडे. त्यांनी विचारलं, नर्स का व्हायचंय? पोरींनी सेवा, सेवा असं लावलं होतं. माझ्या तोंडून निघालं, "मावशीला कुणी काही सांगत नाही, म्हणून." वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत.

१४ फेब्रुवारी

आजचं लिहू नये असं वाटत होतं.

भार्गवी मॅडमनी रुग्णाच्या तोंडाची काळजी शिकवली. बेडवर माणसाएवढी डमी झोपवलेली, हातात वाटी, पाण्यात भिजवून घट्ट पिळलेला गॉज, म्हणजे जखमेवर लावतात ते जाळीचं कापड. आधी ओठ, मग हिरड्या, मग जीभ. मॅडम सहज म्हणाल्या, "उपाशी ठेवलेल्या पेशंटला हे मुद्दाम करायचं. पाणी पोटात जात नाही, पण तोंड ओलं होतं आणि तहान निम्मी होते."

मी हात वर केला. विचारलं, "एनबीएम असलं तरी चालतं?"

"चालतं काय, करायलाच पाहिजे. साधी गोष्ट आहे."

साधी गोष्ट आहे. वाटी होती. गॉज कपाटात ढिगाने होता. मी दिवसभर त्या बाईच्या भोवती रिकाम्या हाताने फिरले. शकुंतला सिस्टरना हे माहीत असणारच, त्या कामात बुडालेल्या होत्या, विसरल्या असतील. मला माहीतच नव्हतं. कुणाचा राग करू तेच कळत नाही. दहा महिने मी काशम्माला विसरत आले होते. आज ती वर्गात येऊन डमीच्या जागी झोपली.

२ मार्च

आज नळाला पाणी आलं, पाचव्या दिवशी. पहाटे हंडे भरत होते. हंडा भरत आला की पाण्याचा आवाज बारीक होत जातो ना, त्यात स्पष्ट ऐकलं, "नीर कोड, यव्वा." मी नळ बंद केला. शेजारीण ओरडली, काय झालं, पाणी जाईल की. परत सोडला. पाण्याचाच आवाज होता.

मल्लिनाथ म्हणतात अभ्यासाने डोकं तापलंय, तेल थाप. थापलं.

९ एप्रिल

एक वर्ष इकडेतिकडे गेलं. बालरुग्ण विभाग झाला, खेड्यातलं आरोग्य केंद्र झालं, पहिल्या वर्षाची परीक्षा पास झाले. हाक कमी झाली होती. मला वाटलं सुटले.

आता दुसऱ्या वर्षाची ड्यूटी नेमकी जुन्या वॉर्डात लागली आहे. निळ्या गणवेशात आत शिरले तर जुन्या मावश्या गोळा झाल्या, कुणी कडाकडा बोटं मोडली. शकुंतला सिस्टर म्हणाल्या, भांडी द्यायला जाशील तर बघ, ते आता तुझं काम नाही. बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, खूप बरं वाटलं.

जेवणानंतर पडदे ओढले, वॉर्ड झोपला. मी टेबलाशी ताप लिहीत होते. सात नंबरकडून हाक आली, त्याच आवाजात, तसंच हळू. वळले. तिथे कुर्डुवाडीची एक तरुण बाई अपेंडिक्सचं ऑपरेशन झालेली, गाढ झोपलेली.

आमच्याकडे टळटळीत दुपारी एकट्याने चिंचेखालून जाऊ देत नाहीत. वॉर्डात चिंच नाही म्हणून मी निवांत होते.

१५ एप्रिल

रोज. रोज दुपारी.

आईला फोन केला. तिला सगळं सांगितलं नाही, एक बाई तहानलेली गेली एवढंच. आई म्हणाली त्यात काय, जिथं गेली तिथं पाणी ठेव. पिऊन जाईल. आजोबा गेले तेव्हा तिने ठेवलेलं मला आठवतं.

सात नंबरच्या खिडकीत, पडद्याच्या मागे, स्टीलचा पेला भरून ठेवला. नर्सिंगची विद्यार्थिनी मी. कुणाला कळलं तर हसून हसून मरतील. पण ड्यूटीवर गेले की ताजं पाणी भरते, आणि मग हात कामाला लागतो.

२० एप्रिल

पेल्यातलं पाणी संध्याकाळपर्यंत बोटभर कमी होतं. आजही झालं. मी रोज आत डोकावून बघते. एवढ्या उन्हात म्हातारीने घोट घोट घ्यावं, हे तिच्या स्वभावाला धरूनच आहे. साकु साकु म्हणत पिणार.

२९ एप्रिल

भार्गवी मॅडमनी विचारलंच, अशी का दिसतेस. मी पेल्याचं नाही, पण हाकेचं सांगून टाकलं. त्या चेष्टा करतील वाटलं होतं. नीट ऐकून घेतलं. म्हणाल्या, "मनी वसे ते स्वप्नी दिसे, तुझ्या बाबतीत जागेपणी दिसतंय एवढंच. हाक आली की वळायचं नाही. हातातलं काम सोडायचं नाही. चार दिवसांत थांबेल."

बाहेर पडताना हेही म्हणाल्या की हे वॉर्डात कुठे बोलू नकोस. गेल्या महिन्यात आमच्यातल्या एकीने ताप न मोजताच तक्त्यात भरला, तिला घरी पाठवलं. हे त्या का म्हणाल्या ते मला कळलं.

४ मे

वळत नाही. हाक येते, मी सिरिंजचा कागद फाडत राहते. जमतंय. पेला मात्र ठेवते. वळायचं नाही असं मॅडम म्हणाल्या, पाणी ठेवायचं नाही असं म्हणाल्या नाहीत.

११ मे, सकाळ

चेंजिंग रूममध्ये घाईघाईत लिहिते आहे, थांबवत नाही.

रात्रपाळी संपत आली. सात नंबरला कालपासून नीलव्वा आहेत, मंद्रूपकडच्या, पित्ताशयात खडे. गोड म्हातारी. आज सकाळची पहिली त्यांचीच केस. म्हणून रात्रीपासून उपाशी. बेडला पाटी मीच अडकवली. सून शेजारी झोपली होती, उजाडल्यावर खाली चहाला गेली.

उजाडताना मी ट्रेमध्ये इंजेक्शनं लावत होते. पाठीमागून हाक आली, "नीर कोड, यव्वा." इतकी जवळून कधी आली नव्हती. पण वळले नाही. मॅडमचं ऐकलं, ट्रे पूर्ण लावला. मागे काहीतरी खुडबुडलं, तरी वळले नाही.

आता निघताना पेला धुवायला घेतला, तर रिकामा. बोटभर कमी नव्हे, थेंब नाही. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा. पडदासुद्धा बाजूला सरकलेला होता. आली होती. पोटभर पिऊन गेली. मला रडू येतंय आणि हसूही येतंय. संपलं. आज मल्लिनाथना सांगेन, हॉटेलात जेवायला न्या.

नीलव्वांची ट्रॉली आलीय, शेवटचं आवरून देते आणि घरी जाते.

११ मे, संध्याकाळ

घरी आहे.

नीलव्वांना ऑपरेशनचा गाऊन घातला, बांगड्या काढून सुनेकडे दिल्या. ट्रॉलीवर घेताना त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली आणि कानडीत म्हणाल्या, "तुझं खिडकीतलं पाणी छान गार होतं गं. तू हाकेला आली नाहीस, तरी पाणी ठेवलं होतंस. बसवण्णा तुझं भलं करो."

मला आधी अर्थच लागला नाही. वॉर्डबॉयने ट्रॉली हलवली. ती दारापर्यंत गेली आणि मी बेडपाशी उभी, हातात रिकामा पेला.

खरं लिहिते. एक क्षण असा आला की मी काही बोलणार नव्हते. कुणी बघितलं नव्हतं. पेला धुऊन जागेवर गेला असता. एक पेलाभर पाणी, सगळ्यांना थोडंच काही होतं. तीन वर्षांचा कोर्स, मल्लिनाथनी शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगून ठेवलेलं, निळा गणवेश, आणि परत ती भांडी. हे सगळं त्या क्षणात मावलं. मग माझ्याच आवाजात ऐकलं, 'ईग बर्तीनि'. आत्ता येते म्हणून न गेलेली मीच.

धावले. लिफ्टचं दार लागलेलं, जिन्याने गेले. ऑपरेशन थिएटरच्या आत चपला घालून गेले, पहिल्यांदा कुणीतरी त्या चपलांवरूनच ओरडलं. भूल देणारे डॉ. सुबोध सुई हातात घेऊन उभे होते. मी म्हटलं, "सर, थांबा. पेशंटने पाणी प्यायलंय. आत्ताच. पेलाभर."

"कुणी दिलं?"

"पेला माझा होता."

"पेशंट एनबीएम आहे, पाटी तूच लावलीस ना? मग पाणी बेडजवळ कशाला ठेवलंस?"

थिएटरमध्ये सहा-सात माणसं होती. मी म्हटलं, "दुसऱ्या पेशंटसाठी. त्या बेडवर गेलेल्या."

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. डॉ. सुबोधनी सुई खाली ठेवली, नीलव्वांना विचारायला लावलं, मी कानडीत विचारलं, त्यांनी आनंदाने मान हलवली. केस दुपारवर ढकलली. मला फक्त म्हणाले, "आता पुढचे तास तिच्या घशाखाली थेंब गेला नाही पाहिजे. तू बस तिच्यापाशी. बाकीचं नंतर बघू."

म्हणजे परत तेच. तोच बेड, तीच दुपार, उपाशी म्हातारी आणि मी. रात्रभर सोबतीला राहिलेली सून रडत होती, तिला माझा संताप आला होता आणि तो बरोबरच होता. ऊन वाढलं तशा नीलव्वा मागायला लागल्या, पाणी, पाणी, सकाळी तर दिलंस. मी वाटी आणली. गॉज भिजवला, दोनदा पिळला. ओठ, हिरड्या, जीभ. परत भिजवला. त्यांनी लहान मुलासारखा गॉज ओठात धरला. थोड्या वेळाने परत. मी तिथून उठलेच नाही.

कितव्यांदा कोण जाणे, त्यांनी माझा हात हळूच बाजूला केला. "साकु, यव्वा." आणि खरंच तोंड मिटलं.

दुपारी ऑपरेशन झालं. नीट झालं. मी जिन्यात बसून खूप रडले.

१३ मे

कॉलेजात बोलावलं. मल्लिनाथनाही. प्राचार्यांच्या खोलीत भार्गवी मॅडम आणि शकुंतला सिस्टर होत्या. काढून टाकायचं का यावर माझ्यासमोरच बोलणं झालं. शकुंतला सिस्टर म्हणाल्या की चूक अक्षम्य आहे, पण ती लपवली असती तर आपण आज पोलिसांशी बोलत असतो. भार्गवी मॅडम म्हणाल्या, वळू नकोस असं मी सांगितलं होतं, तेही लिहून घ्या. मी त्यांच्याकडे बघितलं, त्या खिडकीकडे बघत होत्या.

काढलं नाही. शेरा पडला. सगळ्या सुट्ट्या रद्द, याच वॉर्डात जास्तीची ड्यूटी, आणि पुन्हा असलं काही आढळलं तर थेट घरी.

बाहेर आल्यावर मल्लिनाथनी रिक्षा थांबवली. रिक्षात बसल्यावर म्हणाले, "मेलेल्या बाईला पाणी ठेवायचं तर घरी ठेवायचं हुतं की. मी काय नको म्हणलो असतो?"

हे मला सुचलंच नव्हतं. घरी ठेवून चाललं असतं का, तेही माहीत नाही. ती घरी नाही, ती सात नंबरला आहे.

१४ मे

पेला घरी आणला. मल्लिनाथ त्यातून ताक पितात.

हाक आज आली. वळले. सात नंबरला नीलव्वा होत्या, टाक्यांचं दुखत होतं. उशी सारखी करून दिली. संध्याकाळी परत आली. वळले. कुणीच मागत नव्हतं. तरी बेडपर्यंत जाऊन आले. आता असंच करायचं ठरवलंय. जिवंत की मेलेली, हे तिथे जाऊन बघायचं, टेबलावर बसून ठरवायचं नाही. पालथ्या घड्यावर एवढं तरी पाणी राहिलं.

१९ एप्रिल

आज काशम्माला जाऊन तीन वर्षं झाली. श्राद्ध आमच्यात करत नाहीत. मी तिच्यासाठी काही केलं नाही. दिवसभर ड्यूटी होती. दुपारी हाक आली, गेले, बेडवर झोपलेल्या बाईला उठवून बसले. तिने रागाने बघितलं. काशम्मासारखंच.

६ डिसेंबर

पास झाले. निकाल बघून मल्लिनाथनी कारखान्यात पेढे वाटले आणि मालकाकडून नवी डायरी मागून आणली. या वेळी चालू वर्षाची, म्हणजे अजून तीन आठवडे चालेल. मी जुन्यातच लिहिते. सवय झाली.

त्याच वॉर्डात स्टाफ नर्स म्हणून घेतलं. शकुंतला सिस्टर पुढच्या वर्षी निवृत्त होणार. त्यांनी मला लिनन रूममध्ये नेऊन एकच विचारलं, अजून येते का हाक. मी हो म्हटलं. त्या बराच वेळ चादरी मोजल्यासारखं करत राहिल्या. मग म्हणाल्या, "मला त्या दिवशी आठवायला पाहिजे होतं गं. ओला गॉज. मी विसरले." दोघींनी मिळून चादरींच्या घड्या घातल्या.

१६ फेब्रुवारी

नवी मावशी आली आहे, वैष्णवी, टेंभुर्णीची. वीस वर्षांची, तोंडाचा पट्टा सुरू झाला की बंद होत नाही. सिस्टर, हे काय हाय, सिस्टर, ते काय हाय. मी सांगते. एनबीएम म्हणजे काय सांगितलं. वाटी कुठे, गॉज कुठला, किती पिळायचा, आधी ओठ मग जीभ, हे तिच्याकडून माझ्याच तोंडावर करून घेतलं. ती म्हणाली, "हे तर नर्सचं काम न्हाय व्हय?" मी म्हटलं, तहान लागली त्याला विचार कुणाचं काम आहे ते. मग म्हटलं, शंका आली तर मला विचार, पण पेशंटला 'आत्ता येते' सांगून जाऊ नकोस.

काशम्माबद्दल तिला काही सांगितलं नाही. नवीन आहे, घाबरेल. वॉर्डातही आता कुणी तो विषय काढत नाही.

२८ मार्च

ऊन लवकर सुरू झालं. सात नंबरच्या वरचा पंखा कालपासून बंद आहे, वायरमन आला नाही, म्हणून त्या बेडवर कुणाला घेतलेलं नाही. चादर बदलून, ताणून ठेवलीय.

दुपारी मी डॉक्टरांबरोबर दुसऱ्या वॉर्डात होते. परत आले तर वैष्णवी वाटी धुत होती. हात न थांबवता म्हणाली, "सिस्टर, साकु म्हंजे काय वो?"

मी विचारलं, कुणी म्हटलं तुला.

"खिडकीजवळच्या आजी. मघाशी समदी झोपली हुती तवा हाक मारत हुत्या. काय मागत हुत्या मला काय कळंना, पर वट लई सुकल्यालं. पाणी द्यायचं का न्हाय ते ठावं नव्हतं, म्हणून तुमी दाखवलं तसं वल्या गॉजनं पुसलं. लई येळ पुसलं. मग साकु म्हणाल्या, अन् तिकडं तोंड करून झोपल्या."

मी म्हटलं, साकु म्हणजे पुरे. बरं केलंस. जा, जेवून घे.

ती गेल्यावर सात नंबरपाशी गेले. चादर होती तशीच ताणलेली, एक सुरकुती नाही. टेबलावर पिळलेला गॉज नीट दुमडून ठेवलेला. पलीकडच्या बेडवरच्या बाईंना हळू आवाजात विचारलं, इथे कुणी येऊन झोपलं होतं का. त्या म्हणाल्या, नाही हो, पंखा बंद आहे ना.

बराच वेळ उभी राहिले. हाक आली नाही. उशीला हात लावून बघितला. कोरडी होती.